चाळीस किलोंचा भाव

पहाटे ४.३०

शुक्रवारचा जुम्मा बाजार अंधारात भरतो. मुंबईतल्या मटन स्ट्रीटवरच्या चोर बाजाराची शटरं तेव्हा बंदच असतात. तिथली झुंबरं, ग्रामोफोनचे पितळी कर्णे, सिनेमाची पोस्टरं हा दिवसाउजेडीचा, पर्यटकांचा माल. आम्हा धंदेवाल्यांचा बाजार दो टाकीच्या आसपासच्या गल्ल्यांत, फुटपाथवर, गोणपाटावर. झाकण हरवलेली मिक्सरची भांडी, कुणाच्या तरी लग्नाचा अल्बम, बाहुलीचं डोकं, आणि त्यांच्यामध्ये एखादा कॅसेट डेक उताणा पडलेला. उजाडलं की भाव चढतात, आणि दुपारच्या नमाजाआधी सगळं आवरलं जातं. म्हणून यायचं ते टॉर्च घेऊनच.

टॉर्च मालाच्या पाठीवर मारायचा. पुढची पट्टी रॉकेलच्या बोळ्याने कुणीही चकाचक करतं. मागची बाजू पुसण्याच्या फंदात कुणी पडत नाही, त्यामुळे खरं काय ते तिथेच कळतं. स्क्रूच्या खाचा झिजलेल्या असतील तर आत आधी दोन-चार हात फिरून गेलेत. फ्यूजच्या टोपीत फ्यूजऐवजी तारेचा तुकडा किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी निघाली, तर आत काय काय जळलं असेल ते धरूनच भाव बोलायचा. मग व्होल्टेजची पाटी वाचायची. १०० लिहिलं असेल तर सेट जपानमधल्या घरात वाजलेला, १२० असेल तर अमेरिकेतला. आपल्या २३० व्होल्टांवर तो तसाच लावला तर धूर निघतो. व्होल्टेज उतरवणारा वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो आणि त्याचा खर्च खरेदीच्या भावातूनच वजा करायचा असतो. दुबई-मस्कतहून कोकणात आलेल्या सेटना बहुतेक वेळा मागे व्होल्टेज बदलायची चकती असते, म्हणून असा माल मी डोळे मिटून नसला तरी एक डोळा मिटून घेतो.

अमेरिकन टर्नटेबलची गोष्ट आणखी वाकडी. व्होल्टेज उतरवलं तरी तिथली वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५०ची. ज्या जुन्या टर्नटेबलची मोटर विजेच्या लयीवर फिरते, ते इथे सहाव्या हिश्शाने सावकाश चालतं. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या जागी २८सुद्धा भरत नाहीत, आणि काळी पाचमध्ये गायलेलं गाणं पांढरी पाचच्याही जरा खाली उतरतं. पुली बदलली की काम होतं, पण ती मिळाली तर.

‘चालू है क्या?’ असं इथे विचारण्यात अर्थ नसतो. ‘इधर लाइट किधर है, सेठ? माल देखो,’ असं उत्तर येतं आणि ते बरोबरच आहे. माल बघायचा म्हणजे उचलून बघायचा. या बाजाराचा तळाचा भाव भंगाराचा: ट्रान्सफॉर्मरमधलं तांबं आणि हीटसिंकचं अॅल्युमिनियम काट्यावर जेवढ्याला जाईल, त्याच्या खाली कुणी उतरत नाही. त्यावर जे सुटेल ती आमच्या कानांची आणि मेकॅनिकच्या हातांची कमाई. आज एक इंटिग्रेटेड अॅम्प्लिफायर दिसला. नाव खरवडून गेलेलं, एक नॉब गायब, पण उचलला तेव्हा मनगट खाली गेलं. घेतला.

सकाळी ७.१५

गाळा लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत आहे. रस्त्याचं सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण गेलेल्या गव्हर्नरचं नाव पार्ट विकणाऱ्यांच्या तोंडातून अजून गेलेलं नाही. खाली बाक आणि दोन खुर्च्या, वर पोटमाळा, पोटमाळ्यावर स्पीकर. डाव्या हाताला घरगुती माल, उजव्या हाताला वादकांचा: बेसचे अॅम्प, कीबोर्डचे अॅम्प, क्वचित एखादा गिटारचा.

बंद पडलेला सेट आम्ही थेट प्लगमध्ये घालत नाही. बाकावर सिरीज बोर्ड आहे. विजेच्या वाटेत १०० वॉटचा पिवळा बल्ब बसवायचा. सेटच्या आत शॉर्ट असेल तर बल्ब भरून पेटतो आणि सेट वाचतो, सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. एलईडीच्या जमान्यात हे पिवळे बल्ब मिळणंच मुश्किल झालंय, म्हणून मी खोकं भरून ठेवलंय. बल्ब मंद झाला तरी स्पीकर लगेच जोडायचा नाही. आधी स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावून डीसी किती येतो ते बघायचं. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. पहाटेच्या अॅम्पला एका बाजूला १२ मिलिव्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला ३८ व्होल्ट आले. म्हणजे त्या बाजूचा आउटपुट ट्रान्झिस्टर बसलाय. असा अॅम्प स्पीकरला जोडला की स्पीकरची कॉइल जळते, आणि मग एकाऐवजी दोन वस्तू भंगारात जातात. चिठ्ठी चिकटवली, मेकॅनिकच्या बाजूला सरकवला, चहा सांगितला.

सकाळी ९.३०

फोन. दहांतले सात निरोप दोन शब्दांचे: ‘लास्ट प्राइस?’ पहिली किंमत न विचारता शेवटची विचारणारे हे लोक पुढे कधी येत नाहीत. उरलेल्यांत एक नवं गिऱ्हाईक विचारतं की त्याच्याकडे २००० वॉटची म्युझिक सिस्टिम आहे, तिच्या बदल्यात माझा ४० वॉटचा अॅम्प आणि वर पैसे द्याल का.

हे २००० वॉट म्हणजे पीएमपीओ. नव्वदीच्या दशकात आपल्याकडच्या प्रत्येक टू-इन-वनच्या खोक्यावर ही चार अक्षरं असायची आणि त्यांच्यामागे मोजमापाची कुठलीही ठरलेली पद्धत नव्हती. ज्याला जो आकडा शोभेल तो त्याने छापला. अमेरिकेत असला प्रकार त्याआधीच माजला होता, तेव्हा तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली नियम केला: घरगुती अॅम्पची ताकद छापायची तर दोन्ही चॅनल एकदम चालवून मोजा, आणि मोजण्याआधी तासभर अॅम्पला एक तृतीयांश ताकदीवर तापू द्या. त्या एका तासाने कंपन्यांना घाम फोडला. तासभर तापून टिकायचं तर हीटसिंक मोठा हवा, ट्रान्सफॉर्मर मोठा हवा. शिवाय जपानी कंपन्यांची आपापसात वॉटची चढाओढ लागलीच होती. पायोनियरचा १९७८चा एसएक्स-१९८० हा रिसीव्हर चॅनलला २७० वॉट देतो आणि वजनाला ३५ किलो भरतो. त्या काळचा माल इतका वजनदार का, याचं अर्धं उत्तर त्या नियमात आहे. आणि म्हणूनच जुना अॅम्प विकणारा मला फोनवर कंपनीचं नाव सांगतो तेव्हा मी विचारतो, ‘वजन किती?’

याला अपवाद आहेत. एनएडीचा ३०२० हा १९७८चाच, कागदावर चॅनलला फक्त २० वॉट, अंगाने किरकोळ, दिसायला सरकारी कचेरीतल्या यंत्रासारखा. तरी तो पोटमाळ्यावर आठवडाभरही टिकत नाही. बियर्न एरिक एडवर्डसन या नॉर्वेजियन इंजिनिअरने तो असा बेतला की छापलेल्या आकड्यापेक्षा पुष्कळ जास्त जोर तो क्षणभर देऊ शकतो आणि अवघड स्पीकरही सांभाळतो. पण अपवादावर धंदा चालत नाही.

सकाळी ११.१५

दादर, हिंदू कॉलनी. तिसरा मजला, लिफ्ट नाही, इमारत पुनर्विकासाला गेलेली. अलीकडे मला येणारे चांगले फोन जवळपास सगळे अशाच इमारतींतून येतात. घर दोन वर्षांसाठी भाड्याच्या जागेत हलणार असतं आणि दिवाणखान्यातल्या त्या भल्यामोठ्या स्पीकरचं करायचं काय, हा प्रश्न पन्नास वर्षांत पहिल्यांदा उभा राहतो.

दार मुलाने उघडलं, पण व्यवहार काकूंच्या हातात होता हे पाणी येईपर्यंतच कळलं.

‘आमच्या थोरल्या दिरांनी आणलं हे. बोटीवर होते ते. सिंगापूरहून आणलं १९७९ साली. ड्यूटी भरता भरता मेटाकुटीला आले होते.’

बोटीवरचे लोक नसते तर माझ्या धंद्याचा डावा हात रिकामाच राहिला असता. बाहेरचा माल आणणं तेव्हा सोपं नव्हतं. सामान्य घरात फिलिप्स किंवा एचएमव्हीचा फिएस्टा असायचा, हौशी माणसाकडे कॉस्मिक नाहीतर कोलकात्याचा सोनोडाइन. जपानी सेट दिसला की घरात कुणीतरी खलाशी, विमान कंपनीतला किंवा आखातातला आहे असं समजावं.

सेट सान्सुईचा. पुढून काळा, आतून सतरा-अठरा किलोंचा. ही कंपनी मुळात ट्रान्सफॉर्मर बनवणारी, १९४७ सालची. ते त्यांच्या अॅम्पना हात लावल्यावर समजतं. आपल्याकडे नंतर व्हिडिओकॉनने हे नाव टीव्हीवर आणलं, त्यामुळे आजची मुलं ‘सान्सुई? टीव्हीवाली?’ असं विचारतात. बरोबर टर्नटेबल आणि कमरेएवढे दोन स्पीकर.

‘नेटवर हा एक लाखाला आहे,’ मुलगा म्हणाला.

‘तिथे मागितलेली किंमत दिसते. मिळालेली दिसत नाही,’ मी म्हटलं. हे वाक्य मी इतक्या घरांत म्हटलंय की आता मलाच त्याचा कंटाळा येतो. पण या बाजूच्या मालाची अडचण हीच आहे. घरचा सेट विकायला निघतो तो आठवणीच्या भावाने. बाबांनी किती जपला, पाहुणे कसे बघायला यायचे, हे सगळं किमतीत धरलेलं असतं. मी त्यात चूक काढत नाही. फक्त माझ्याकडून घेणाऱ्याला तो पाहुणा माहीत नसतो.

स्पीकरची जाळी काढली. पडद्याच्या कडेचा फोम बोट लावताच भुगा होऊन खाली आला. मुंबईच्या हवेत फोमची कड दहा-पंधरा वर्षांत संपते, स्पीकर वाजवा नाहीतर झाकून ठेवा. रबराची किंवा कापडाची कड असती तर टिकली असती. मग खिशातला पेन्सिल सेल काढून वूफरच्या दोन टोकांना टेकवला. पडदा गुपचूप पुढे आला आणि परत गेला. घासल्याचा आवाज नाही. कॉइल शाबूत. मल्टिमीटरवर सहा ओम दाखवले, म्हणजे आठ ओमचा स्पीकर ठणठणीत आहे. कड नवी बसवता येते. हे सगळं मी काकूंना दाखवून, सांगून करतो. न सांगता भाव पाडला की माणूस दुखावतो आणि मग शेजारच्या घरातला सेट तुम्हाला कधीच मिळत नाही.

काकूंनी फोमच्या भुग्याकडे बघितलं. ‘म्हणजे तुम्हाला खर्च आहे. किती?’

मी सांगितला.

‘तो अर्धा धरा. तुमचा माणूस हे रोज करतो, त्याला बाजारभाव लावू नका.’ आणि मग, मुलाकडे न बघता, ‘या सेटच्या पैशांत तेव्हा अंबरनाथला प्लॉट आला असता. मी तेव्हाच म्हटलं होतं.’

त्या साठ हजारांवरून खाली यायला तयार नव्हत्या, मी अठ्ठावीसवरून वर. निकाल लावला तो माळ्यावरच्या खोक्यांनी. दिरांनी मूळ खोकी, थर्माकोल, मॅन्युअल आणि सिंगापूरच्या दुकानाचं बिल, सगळं ठेवलं होतं. बिलामुळे साल पक्कं होतं, मूळ खोक्यामुळे माल सुखरूप परगावी जातो, आणि घेणारा हौशी असेल तर या कागदांचे वेगळे पैसे मोजतो. मी एकेचाळीसवर आलो. काकूंनी बेचाळीस लावून घेतले. रेकॉर्ड मात्र विकायच्या नाहीत, त्या नव्या घरी जाणार. वाजवणार कशावर, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित टर्नटेबल हातचं गेलं असतं.

दोन हमाल, दोरी, तीन मजले. हमालीही वजनावरच.

दुपारी २.००

डबा. मेकॅनिक काकांचाही आणि माझाही. जेवताना ते बोलत नाहीत आणि मीही बोलू नये अशी त्यांची अपेक्षा असते.

दुपारी २.४५

काका साठी ओलांडलेले, व्हॉल्व्हच्या रेडिओपासून हात बसलेला. पहाटेच्या अॅम्पच्या ट्रान्झिस्टरसाठी ते समोरच्या दुकानातून नग मागवतात, आणि तिथे कुणी लपवाछपवी करत नाही: ‘ओरिजिनल की लोकल?’ असं सरळ विचारतात, भाव दोन. पंचाईत अशी की ओरिजिनलच्या भावातही लोकल येतो. तोशिबाची २एससी५२०० आणि २एसए१९४३ ही जोडी सगळ्यात जास्त नकली निघते. काकांचा उपाय दांडगा आहे. पाकिटातला एक नग पकडीने फोडायचा आणि आतली सिलिकॉनची चकती बघायची. चकती शेंगदाण्याच्या टरफलातल्या किडक्या दाण्याएवढी दिसली की पाकीट परत.

त्यांच्या बाकावर आज खरं काम आहे ते बेसच्या कॉम्बोचं. कॉम्बो म्हणजे अॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत. पंधरा इंची स्पीकर, प्लायवूडची पेटी, कोपऱ्यांना लोखंडी टोप्या, वजन ३८ किलो. एका हॉटेलच्या लाउंजमधून आलाय. तिथे आता बँडच्या जागी स्पीकर आणि पेन ड्राइव्ह वाजतो. तक्रार अशी की तापला की आवाज जातो. काकांनी मागे बघितलं आणि हसले. चार ओमच्या खाली जाऊ नका असं छापलेलं, आणि कुणीतरी आतल्या स्पीकरला जोडून बाहेर आणखी दोन कॅबिनेट लावली होती. आठ ओमचे दोन स्पीकर समांतर जोडले की चार ओम होतात, तीन जोडले की तीनच्याही खाली. अॅम्पला वाटतं आपल्याला शॉर्टच केलंय. सुदैवाने त्याची तापरक्षा शाबूत होती, म्हणून तो नुसता गप्प बसायचा, जळाला नाही. बाहेरची कॅबिनेट काढली, नॉबमागच्या पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून खरखर घालवली, हीटसिंकवरची पेस्ट बदलली. काम संपलं.

आता माझ्या उजव्या हाताच्या मालाची गंमत. वजन हा डाव्या हाताला गुण आणि उजव्या हाताला दोष. सतरा किलोंचा सान्सुई आला की माझा आनंद लपत नाही, ३८ किलोंचा बेस कॉम्बो आला की मी सुस्कारा सोडतो. तेच तांबं, तेच लोखंड, तितकाच इमानदार ट्रान्सफॉर्मर. फरक एवढाच की सान्सुई एकदा कपाटावर चढला की वीस वर्षं उतरत नाही, आणि बेसचा अॅम्प दर शनिवारी टॅक्सीत, जिन्यात आणि मंगल कार्यालयाच्या मागच्या दाराने आत जातो.

यात एक जुना विनोद दडलेला आहे. उभा डबल बेस कुठे न्यायचा म्हणजे शिक्षा. म्हणून लिओ फेंडरने १९५१ साली गळ्यात अडकवायचा प्रिसिजन बेस बाजारात आणला. वाद्य हलकं झालं खरं, पण आवाज आता पेटीतून काढायचा होता. गिटारची सर्वांत खालची तार साधारण ८२ हर्ट्झवर बोलते, बेसची ४१वर. इतका खालचा स्वर आपल्या कानाला मुळातच कमी ऐकू येतो, म्हणून जास्त हवा हलवावी लागते: मोठा पडदा, मोठी पेटी, गिटारच्या कितीतरी पट वॉट. १९५२ साली फेंडरचा बेसमन आला. तो गिटारवाल्यांनीच पळवला आणि पुढे मार्शलचा पहिला अॅम्प त्याच्याच सर्किटवरून झाला. १९६९ साली अॅम्पेगने एसव्हीटी काढला: ३०० वॉट, चौदा व्हॉल्व्ह, नुसतं हेड (म्हणजे स्पीकर नसलेला अॅम्प) चाळीस किलोंच्या घरात, आणि खाली दहा इंची आठ स्पीकरांचं कपाट. रोलिंग स्टोन्सने त्याच वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात ते वापरले. ओझं वाद्यातून निघालं ते असं अॅम्पमध्ये जाऊन बसलं.

क्लास-डीच्या सर्किटाने आणि स्विचिंग पॉवर सप्लायने ते ओझं गेल्या पंधरा-वीस वर्षांत उतरवलं. गॅलियन-क्रूगरचं एमबी २०० हे हेड एक किलोच्या आसपास आहे आणि चार ओमवर २०० वॉट देतं. ते बेसच्या पिशवीच्या खिशात मावतं. स्पीकरमध्ये निओडिमियमचे चुंबक आले, कॅबिनेटही हलकी झाली. त्यात आता मोठ्या स्टेजवर बेसची वायर डीआय बॉक्समधून सरळ मिक्सरला जाते आणि वादक कानात बोंडं घालून वाजवतात. जुन्या कॉम्बोला गिऱ्हाईक कोण? तो नवा होता तेव्हा जेवढ्याला मिळत होता, त्याच्या तिसऱ्या हिश्शातही घासाघीस होते. आवाजात काही खोट नसते. जिना आडवा येतो.

संध्याकाळी ५.३०

वसईचा मुलगा आला. पंचविशीतला, बँकेत नोकरी, शनिवार-रविवारी लग्नाच्या बँडमध्ये बेस, आणि चर्चच्या गायनवृंदात. पाठीवर स्वतःचा बेस. हे मला आवडतं. स्वतःचं वाद्य घेऊन येणारा घ्यायलाच आलेला असतो.

‘दादा, ते छोटं हेड आणि बारा इंची कॅबिनेट दाखवा.’

दाखवलं. त्याने कुठलीही करामत न करता खालची ई तार वाजवली आणि धरून ठेवली. जाणकार असाच तपासतो. चार बोटांची धावपळ केली की सगळे अॅम्प बरे वाटतात. एक लांब ४१ हर्ट्झ वाजवला की पेटीतला सैल स्क्रू, उकललेला सांधा, घासणारी कॉइल, सगळं फडफडून पुढे येतं. कॅबिनेट गप्प राहिलं. फडफडलं ते शेजारच्या गाळ्याचं शटर.

मग त्याची नजर कॉम्बोवर गेली. लावला, तीच तार वाजवली. पंधरा इंचाचा आवाज पोटात शिरतो, त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही.

‘किती किलो?’

‘अडतीस.’

तो हसला. ‘मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. आणि येताना लोकलचा लगेज डबा.’

‘मग हेडच घे.’

‘हेड माझं. पण हा चर्चच्या हॉलमध्ये चालेल, दादा. तिथे कीबोर्डसाठी घरगुती स्पीकर लावलाय, त्यात मी बेस वाजवला की फादर छताकडे बघतात.’

बरोबर बोलला. हॉलमध्ये गेलेला अॅम्प हलत नाही. हलत नाही म्हटल्यावर त्याचं वजन दोषातून पुन्हा गुणात जमा. ‘आणि कुणी उचलूनही नेणार नाही,’ मी म्हटलं. फादरांना फोन झाला, किंमत सांगितली, पलीकडून थोडी धार्मिक घासाघीस झाली. दीड हजार सोडले. हेड आणि कॅबिनेट त्याने आजच नेलं, कॉम्बो रविवारी टेम्पोने जाईल.

निघताना त्याच्या पिशवीतली वायर मी काढून घेतली आणि दुसरी दिली. हेड आणि कॅबिनेटच्या मध्ये बरेच जण गिटारची वायर लावतात, कारण पिन तीच असते. आतली तार केसाएवढी. २०० वॉट तिच्यातून गेले की ती तापते आणि एक दिवस हेडही घेऊन जाते. स्पीकरची वायर जाडच हवी. तिचे पैसे मी घेत नाही. ती न दिल्याचा खर्च दुरुस्तीत निघतो.

संध्याकाळी ७.४५

कोल्हापूरला जाणाऱ्या टर्नटेबलचं पॅकिंग. थाळी वेगळी, मागचं वजन काढून कागदात, सुईवर टोपी, टोनआर्म दोऱ्याने बांधलेला, खोक्यात खोकं. हे मी कुणावर सोपवत नाही. रातराणीच्या डिकीत खोकं जाईपर्यंत उभा राहतो.

रात्री ९.१५

वही. प्रत्येक खरेदीपुढे विकणाऱ्याचं नाव, ओळखपत्राचा फोटो, वस्तूचा अनुक्रमांक. बँडच्या तालमीच्या खोल्यांतून अॅम्प चोरीला जातात, आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. म्हणून ज्या वस्तूचा अनुक्रमांक खरवडलेला आहे ती कितीही स्वस्त असली तरी मी घेत नाही. पहाटेच्या अॅम्पवर नाव नव्हतं, पण मागे नंबर होता. दुसऱ्या रकान्यात फरक: जुन्या मालाच्या धंद्यात जीएसटी पूर्ण किमतीवर नव्हे, खरेदी-विक्रीतल्या फरकावर भरायची सोय आहे, पण त्यासाठी खरेदीचा कागद लागतो. पोटमाळ्यावरचे नवे-जुने स्पीकर तपासायचे असतील तर दहाच्या आत. दहानंतर गल्ली झोपते, आणि कायदाही तेच सांगतो.

आता वाचकांना एक सांगणं. घरात वर्षानुवर्षं बंद पडलेला सेट असेल आणि तो विकायचा असेल, तर ‘चालतो का बघू’ म्हणून प्लग लावू नका. आतले मोठे कॅपॅसिटर पडून पडून कमजोर झालेले असतात, आणि पाच सेकंदांच्या उत्सुकतेत चांगला सेट जातो. मागच्या पाटीचा फोटो काढा, बिल आणि मॅन्युअल शोधा, स्पीकरची जाळी काढून कड बघा. मग मला किंवा माझ्यासारख्या कुणालाही फोन करा. आणि वजन किती, मजला कितवा, लिफ्ट आहे की नाही, हे आधीच सांगा.